गुणाबाईचा भागाकार

गुणाबाईला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी सगळं तोंडपाठ होतं आणि स्वयंपाक यथातथाच येत होता. सावली गावच्या तिच्या बापाने लग्न जमवताना पहिली गोष्ट सांगितली नाही आणि दुसरी उलटी करून सांगितली. त्यामुळे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूला दोन धक्के बसले. सुनेने रांधलेली तुरीची डाळ ताटात ओतली की ताटाचा तळ दिसायचा, आणि धान मोजताना सासू चुकली की सून चुलीपाशी बसल्या बसल्या दुरुस्त करायची.

सासूचं नाव सुगंधाबाई. नवरा लटारू, आडनाव म्हशाखेत्री. गाव आमचंच, ब्रह्मपुरीच्या अंगाला, वैनगंगेपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर, हिरडीटोला. धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, एक बैलजोडी आणि घराच्या मागे मोहाचं झाड, एवढी त्यांची दौलत. लटारूचा आवाज मोठा होता. तो बांधावरून बैलाला हाकारायचा तेव्हा शेजारच्या शेतातले बैलही चालायला लागायचे. भांडायला त्याला कारण लागत नसे, पण बायकोशी मात्र तो कधी जिंकला नाही. तो ओरडून दमला की ती एकच वाक्य बोलायची आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर फिरायचं.

सगळं ठीक होतं, पण मूल होत नव्हतं.

मग सुरू झाले उपाय. मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलून झाला. जंगलातल्या वैदूचा काढा पिऊन झाला. त्याने गुणाबाईला तीन दिवस उलट्या झाल्या आणि वैदू म्हणाला, लक्षण चांगलं आहे. कुणीतरी पाळण्यात मुसळ निजवायला सांगितलं, तर सुगंधाबाई महिनाभर त्या मुसळाला अंगाई म्हणत बसली. गुणाबाई म्हणायची, "आत्याबाई, मुसळ तरी बरं, रात्री रडत नाई." हे उपाय लटारूवर कुणीच करून पाहिले नाहीत. काढा त्यालाही पाजावा असं गुणाबाईने एकदा सुचवलं, तेव्हा सुगंधाबाईने कानांवर हात ठेवले.

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, बुडाली त्याच्या पुढच्या साली गावात गणनानंद महाराज आले. मालगुजाराची कचेरी रिकामीच पडली होती, तिथे त्यांनी मृगाजिन टाकलं. माणूस देखणा होता. दाढी काळीभोर, आवाज घुमारदार, आणि भूक चांगली. बाकीचे बुवा देवाचं नाव देत, हे आकडा देत. आकडा असा: अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. लिहिला तर ओळीने अकरा एक्के, एकाला चिकटून एक, जणू बांधावर बसलेले बगळे. महाराज तो डोळे मिटून म्हणत तेव्हा खरोखर अंगावर काटा येई. ताप आलेल्याने पाच वेळा म्हणायचा, गाय दूध देत नसेल तर तिच्या कानात म्हणायचा, कोर्टात तारीख असेल तर उंबरा ओलांडताना म्हणायचा. आमच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, ज्याला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं तोही अब्जाच्या बाता करायला लागला.

सुगंधाबाई सुनेला घेऊन कचेरीत गेली. महाराजांनी गुणाबाईकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं आणि सांगितलं, "रोज सकाळी न्हाऊन अकरा वेळा. मन एकाग्र पाहिजे."

गुणाबाईने म्हटला. खरंच म्हटला. हसत खिदळत का होईना, तिलाही लेकरू हवं होतं. अंगणात झाडणी करताना दुसऱ्यांची पोरं मध्ये आली की ती झाडू बाजूला ठेवून उगाच त्यांच्या मागे धावायची, हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे दोन वर्षं सकाळी न्हाऊन ती आकडा म्हणत राहिली आणि सासूही शेजारी बसून म्हणत राहिली, एकीचं पुरलं नाही तर दुसरीचं लागू पडावं म्हणून.

पण एकच आकडा रोज तोंडात घोळवला की ज्याला पाढे येतात त्याची जीभ स्वस्थ बसत नाही. एके सकाळी गुणाबाईला वाटलं, एवढं अकरा-अकरा म्हणून राह्यलो, तर अकराने हा भागतच असेल. तिने चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर भागून पाहिलं. एक उरला. पुन्हा केलं. पुन्हा एकच उरला. तिला गंमत वाटली. पाच वेळा अकरा म्हणायचं आणि अकरालाच दारात उभं करायचं नाही! मग तिने तीनने भागलं, दोन उरले. सातने भागलं, दोन उरले. तेराने भागलं, नऊ उरले.

पुढच्या गुरुवारी कचेरीत बायका जमल्या होत्या. गुणाबाईने सरळ विचारलं, "महाराज, हा आकडा कायनंच काऊन भागत नाई?"

महाराजांना प्रश्न आवडला. निदान सुरुवातीला तरी. ते म्हणाले, "कारण तो अखंड आहे, बाई. त्याला तो स्वतः भागतो आणि एक भागतो. तिसरा जन्माला आला नाही. ब्रह्मासारखा आहे तो."

"तुमी भागून पाह्यलं?"

"ब्रह्माला भागून पाहतात काय?"

"नाई, मी तेरापर्यंत पाह्यलं म्हणून इचारलं."

महाराजांची भुवई वर गेली. ते सगळ्या बायकांकडे वळून म्हणाले, "ऐका. दोन वर्षं या बाईला फळ का नाही, ते आज कळलं. मी नामस्मरणाला दिलेलं हिने भागाकाराला घेतलं. जिचं मन असं दुभंगलेलं, तिची कूस कशी भरेल?"

गुणाबाईला उत्तर सुचलं नाही. आमच्या गावात ही गोष्ट पहिल्यांदाच घडली होती. ती घरी आली, चूल पेटवली नाही, मागच्या दारी मोहाखाली जाऊन बसली. सुगंधाबाई डोकं बडवत होती: सोन्यासारखा मंत्र, आणि या पोरीने त्याचा हिशोब केला!

लटारू शेतातून आला. चूल थंड पाहून आधी तो नेहमीप्रमाणे ओरडला. मग मोहाखाली बायकोचं तोंड पाहून गप्प झाला. मग आईकडून सगळं ऐकून पुन्हा ओरडला, पण यावेळी कचेरीच्या दिशेने चालता चालता. गुणाबाई त्याच्या मागे धावली, सुगंधाबाई तिच्या मागे, आणि त्यांच्या मागे करमणूक सोडायची नाही म्हणून सगळा टोला.

"ओ महाराज," लटारू दारातूनच म्हणाला, "माह्या बायकोले चार बायांत काय म्हटलं तुमी?"

"खरं ते म्हटलं."

"तो आकडा फुटत नाई म्हंता? मी फोडतो. दगड फुटते, लाकूड फुटते, आकडा काऊन फुटणार नाई?"

लटारूला बेरीजसुद्धा बोटांवर करावी लागे, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघेतिघे हसले. महाराज मात्र उभे राहिले. त्यांनी हात वर केला आणि त्या घुमारदार आवाजात म्हणाले, "जो हा आकडा फोडायला जाईल, त्याचा निर्वंश होईल!"

लोक मागे सरकले. सुगंधाबाई मटकन खाली बसली. आणि गुणाबाई पदर सावरून पुढे आली.

"महाराज," ती म्हणाली, "हे तर आमच्यापाशी आधीच हाये. नवं काई देत असान तर सांगा."

आधी कुणीतरी मागून फुसकन हसलं. मग तोंडावर हात ठेवून बायका हसल्या. महाराजांचा हात वरच राहिला होता, तो आता खाली कसा घ्यावा हे त्यांना कळेना. गुणाबाईने नवऱ्याला दंडाला धरून घरी नेलं. तिचे डोळे भरलेले होते, पण ते फक्त लटारूने पाहिलं.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात भागाकार सुरू झाला.

मागच्या खोलीची भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली होती. तिच्यावर गुणाबाईने वरच्या कोपऱ्यात अकरा एक्के काढले आणि कोळशाने एकेका आकड्याने भागायला सुरुवात केली. सतरा, एकोणीस, तेवीस. लटारू बैलांना वैरण टाकून येऊन तिच्या शेजारी बसायचा. त्याला ती पाढे शिकवायची आणि तो पाढ्यांना शिव्या द्यायचा. "सतराच्या पाढ्यानं कोणाचं भलं केलं वं?" असं म्हणत म्हणत तो सतराचा पाढा शिकला. शंभरपर्यंत झालं. दोनशेपर्यंत झालं. काही ना काही उरतच होतं. तेव्हा लटारूने विचारलं, "हे कुठीवर करायचं?"

गुणाबाई म्हणाली, "फुटेपर्यंत."

"आन् फुटलाच नाई तर?"

हे तिलाही माहीत नव्हतं.

माघात लटारू बैलांच्या बाजारासाठी ब्रह्मपुरीला निघाला तेव्हा ती गाडीत बसली. तिथे हायस्कुलात बोम्मावार नावाचे सर गणित शिकवत. ते मूळचे सिरोंच्याकडचे, मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूत पुटपुटणारे. लटारूने वर्गाच्या खिडकीतून हाक मारली, "ओ सर, एक आकडा फोडायचा हाये!" त्या आवाजाने पोरांनी बाकांखाली डोकी घातली.

सरांनी त्यांना झाडाखाली बसवलं, आकडा ऐकला, शापाची हकीकत ऐकली आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाले, "हा आकडा कुणीतरी कधीच तपासून ठेवला असेल. नागपूरला माझे एक गुरू आहेत, त्यांना पत्र टाकतो. पंधरा दिवसांत उत्तर येईल."

"नको," लटारू म्हणाला. "दुसऱ्यानं चघळून देल्लेली सुपारी मले नाई पायजे."

सरांनी गुणाबाईकडे पाहिलं. तिनेही मान हलवली. "फक्त थांबायचं कुठी, ते सांगा," ती म्हणाली.

सरांना ती मागणी पटली. त्यांनी काडीने मातीत लिहून सांगितलं. आकडा फुटला तर त्याचे दोन भाग होणार. दोन्ही भाग काही मोठे असू शकत नाहीत, एक तरी एक लाख पाच हजार चारशे दहाच्या आतलाच असणार. तिथपर्यंत पाहिलं आणि नाही फुटला, तर तुमचा महाराज खरा.

"एक लाख!" लटारूने कपाळाला हात लावला.

"थांबा. एक सवलत आहे." सर उत्साहात आले. "अकरा एक्क्यांना भागणारा आकडा कसाही नसतो. बावीसचा पाढा म्हणा आणि दर पायरीला एक मिळवा. तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, असे. यांच्याबाहेर कुणी असूच शकत नाही. त्यातले पाचने संपणारे सोडा, तीनने जाणारे सोडा. उरले ते करा."

"हे कोणी ठरवलं?" गुणाबाईने विचारलं.

"तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात एक वकील होता, त्याच्या नियमातून निघतं हे."

"वकील?" लटारू सावध झाला. त्याच्या बापाचं एक शेत वकिलामुळेच गेलं होतं. "मंग खोटं असंन."

"हा पोटासाठी वकिली करायचा," सर म्हणाले. "गणितात खरं बोलायचा."

परतीच्या वाटेवर गुणाबाई गाडीत बसून बावीसचा पाढा म्हणत होती, दर ओळीला एक वाढवून. बैलांना तो ताल बहुतेक आवडला, कारण ते कधी नव्हे ते न हाकारता चालले.

पुढची दीड-दोन वर्षं त्या घरात काय चाललं ते गावाला नीट कळलं नाही. एक आकडा तो करायचा, एक ती. रोवण्याच्या दिवसांत सगळं बंद असे, चिखलातून आल्यावर माणसाला स्वतःचा हात उचलवत नाही तिथे भागाकार कुठला. उन्हाळ्यात मात्र भिंत झपाट्याने काळी व्हायची. भिंत भरली की धुऊन पोतारायची, शेवटचा आकडा तेवढा कोपऱ्यात ठेवायचा. गावात म्हैस मेली तर लोक त्यांच्या घराकडे पाहत. पाऊस लांबला तर महाराज कचेरीत सूचक खोकत. सुगंधाबाईची अवस्था सर्वांत वाईट. मागच्या खोलीत मुलगा आणि सून आकडा फोडत, आणि पुढच्या खोलीत ती तो सांधायला म्हणून तोच आकडा जपत बसे. एकदा लटारूने आतून ओरडून सांगितलं, "माय, हळू म्हण वं, हातचा इसरून राह्यलो!"

छप्पनची दिवाळी आली. ऐन त्याच दिवसांत आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला गेला. गुणाबाई म्हणाली, "एवढा मोठा जिल्हा भागला, आन् आपला आकडा नाई भागत." त्यांची मजल तीस हजारांच्या थोडी वर गेली होती. आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी दोघं शेतात असताना सुगंधाबाईने मागच्या खोलीची भिंत खालपासून वरपर्यंत पोतारून टाकली. कोपऱ्यातला शेवटचा आकडाही गेला. सणाची भिंत काळी ठेवू नये म्हणून, असं ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मात्र सणाहून जास्त समाधान होतं.

लटारूचा आवाज त्या दिवशी वैनगंगेच्या काठापर्यंत गेला असेल. गुणाबाई पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"वीस हजाराच्या पुढचं मले तसंबी खरं वाटत नव्हतं. त्या दिवसांत तुमचं कंबर दुखत होतं, आन् तुमी भिताडावर रागानं लिहत होते. तिथून पुन्हा करू. तुमचे मी करतो, माहे तुमी करा."

लटारूला हा अपमान वाटला, पण दुसरा मार्गही नव्हता.

धान कापणीच्या दिवसांत, एका दुपारी, लटारू खळ्यावर होता. गुणाबाई भाकरी घेऊन जायची होती, पण भाकरी थापायच्या आधी एक आकडा करू म्हणून ती भिंतीशी बसली. आकडा होता एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. लटारूने हा आधी केलेला. पाच गेले. एक गेला. तीन गेले. पाच हजार एकशे चौऱ्याहत्तर उरले. दोन गेले. पुन्हा तीन. आता शेवटचा एक्का खाली उतरवला. झाले एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. तिने एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासची नऊपट मांडली. एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस.

तिने वरचा आकडा पाहिला, खालचा पाहिला, आणि कोळसा हातात तसाच राहिला. मग तिने वजाबाकी केली, म्हणजे करायची म्हणून केली, आणि एक मोठं गोल काढलं.

सुगंधाबाई भाकरीचं काय झालं म्हणून बघायला आली. तिला वाचता येत नव्हतं, पण एवढ्या वर्षांत असं गोल त्या भिंतीच्या तळाशी तिने कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय हाये वं?"

"शून्य, आत्याबाई."

"म्हंजे?"

"म्हंजे काईच उरलं नाई. फुटला."

सुगंधाबाईने पटकन हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बहुतेक वीज पडायची वाट पाहत होती. वीज पडली नाही. एक कोंबडी दारातून आत आली, तिने खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेली. सुगंधाबाईने एक डोळा उघडला. मग दुसरा. भिंत जागेवर होती, सून जागेवर होती. ती सुनेशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मंग मी चार वरसं कायले बडबडली?"

लटारूला खळ्यावर निरोप गेला तेव्हा भाकरी आली असं समजून तो खूश झाला होता. घरी येऊन त्याने भिंत पाहिली आणि म्हणाला, "हा तर मी केलता! उरलं होतं काहीतरी!" गुणाबाईने त्याला पुन्हा करायला बसवलं. तिसऱ्या पायरीला सत्तर हजार एकशे एकवीसमधून चौसष्ट हजार नऊशे सत्तेचाळीस काढताना तो हातचा विसरला आणि शंभर जास्त उरवले. "हं," गुणाबाई म्हणाली, "हाच तो शंभर. याच्यापायी तुमी दहा हजार पुढे पळाले." लटारूने ती चूक जन्मात कबूल केली नाही. कोळसा बारीक होता, असं तो सांगायचा. मग दोघांनी उलटा गुणाकार करून पाहिला. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस गुणिले एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. हळूहळू बेरीज उतरत गेली आणि भिंतीवर एक, एक, एक, एक असे एक्के उजवीकडून डावीकडे उभे राहायला लागले. अकरावा एक्का पडला तेव्हा लटारूने बायकोला उचलून खोलीत एक गिरकी घेतली. सासू समोर बसली होती, तरीही. आमच्याकडे तेव्हा असं करत नसत.

गुरुवारी तिघं कचेरीत गेली. सुगंधाबाई सगळ्यांत पुढे.

"महाराज," सुगंधाबाई म्हणाली, "तुमचा आकडा फुटला. आमच्या भिताडावर हाये, येऊन पाहा."

गुणाबाईने दोन्ही भाग मोठ्याने सांगितले. महाराजांनी डोळे मिटले. लोकांना वाटलं, आता नवा शाप येणार. पण माणूस कच्चा नव्हता. डोळे उघडले तेव्हा ते हसत होते.

"धन्य!" ते म्हणाले. "मी याच दिवसाची वाट पाहत होतो! ब्रह्म एक असतं, ते लीलेसाठी दोन होतं. शिव आणि शक्ती! आज या गावात दोन्ही प्रकट झाले. बोला, शिवशक्तीकी..."

"जय!" म्हणायला अर्ध्या गावाने तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात सुगंधाबाईने विचारलं, "याच्यातला शिव कोणचा?"

"मोठा तो शिव."

"आन् फोडला तो लहान्यानं," सुगंधाबाई म्हणाली. "म्हंजे शक्तीनं."

बायका हसायला लागल्या. महाराजांनी तिकडे दुर्लक्ष करून गुणाबाईला जवळ बोलावलं आणि प्रेमाने सांगितलं, "बाई, तुझं तप फळाला आलं. आता एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास हा आकडा रोज म्हण. वर्षाच्या आत पाळणा हलेल."

गुणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "राहू द्या महाराज. एकाचे दोन करायले मंत्र चालत नाई, मेहनत लागते. आमी दोघांनी मिळून केली. झाले तेवढे झाले, नाई झाले तेवढे नाई झाले."

त्यानंतर महाराजांचं बस्तान राहिलं नाही. कुणी त्यांच्याशी भांडलं नाही, फक्त ते आकडा म्हणायला लागले की मागून कुणीतरी हळूच विचारायचं, "कायनं भागते जी?" धानाची दक्षिणा गोळा झाल्यावर एके दिवशी ते डोंग्यात बसून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या अंगाला गेले. तिकडे आकडा अजून अखंड होता.

गुणाबाईला मूल झालं नाही. गावाला वाटलं होतं की होईल, गोष्टीत होतं तसं. नाही झालं. लटारूला मात्र भागाकाराचं व्यसन लागलं. बारा एक्के तीनने जातात म्हणून त्याने तिरस्काराने सोडून दिले. तेरा एक्के घेतले, बोम्मावार सरांच्या युक्तीने सव्वीसच्या पाढ्यात एक मिळवत गेला, आणि दुसऱ्याच पायरीला त्रेपन्नने ते भागले गेले. गावभर तो सांगत सुटला की गुणाने जे दोन वर्षांत केलं ते मी एका दुपारी केलं. मग चौदा, पंधरा, सोळा असे सोपे सोपे उडवून त्याने सतरा एक्क्यांना हात घातला. ते काही हलेनात. सरांनी निरोप पाठवला की पत्र लिहून विचारू का. लटारूने सुपारीवाला निरोप परत पाठवला. सर पुढे एकदा सहकुटुंब येऊन गेले, भिंत पाहून खूश झाले आणि गुणाबाईच्या हातची डाळ प्यायले. खाल्ली असं म्हणता येणार नाही.

गुणाबाईने सतराच्या भानगडीत पडायला साफ नकार दिला. पण तिची सुटका झाली नाही, कारण गावोगाव पसरलं होतं की हिरडीटोल्याच्या एका बाईकडे महाराजांपेक्षा जबर मंत्र आहे. एकोणसाठच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव मंगली. लग्नाला चार वर्षं झालेली, पोटी काही नाही, आणि अंगावर सतत कुणाचे तरी शब्द पडत असल्यासारखी मान खाली.

गुणाबाईने तिला मागच्या खोलीत नेलं आणि दार ओढून घेतलं.

"शाळेत गेलती?"

"दुसरीपर्यंत."

"भागाकार येते?"

मंगलीने घाबरून मान हलवली. येत नव्हता.

"मंग शिकवतो. हे पाय, मंत्रबिंत्र माह्यापाशी काई नाई. लेकरू होईल का, ते मले मालूम नाई. पण रोज दुपारी इथी येऊन बसशीन, तेवढा वेळ तुले कोणी काई बोलणार नाई. सासूले सांग, विधी लंबा हाये."

मंगली यायला लागली. सुरुवातीला दोनाचा पाढाही ती भीत भीत म्हणायची. मग तीनचा, चारचा. पावसाळ्यापर्यंत ती सातने भागायला लागली आणि एके दिवशी बाकी शून्य आली तेव्हा मोठ्याने हसली; तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तिलाच तोवर ठाऊक नव्हतं. काही दुपारी भागाकार होतच नसे. दोघी भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसत, सुपारी कातरत, नवऱ्यांची नक्कल करत, आणि कधी नुसत्याच झोपी जात.

मंगलीची सासू अधूनमधून चौकशीला यायची. दारात सुगंधाबाई बसलेली असे, मांडीवर धानाचं सूप घेऊन. आतून खिदळण्याचा आवाज यायचा आणि ती सासू कान टवकारायची.

"हे काय चालू हाये वं आत?"

सुगंधाबाई सूप पाखडणं न थांबवता तिच्याकडे डोळे वटारून पाहायची.

"हळू बोला बाई," ती म्हणायची, "विधी चालू हाये."